मधला सूर

मुलगी झोपली की मी हेडफोन चढवते.
डाव्या कानाचं रेक्झिन सुटलंय, काळे कपचे
गालावर, उशीवर, एकदा तर तिच्या दुधात.
कुताइसीतल्या या नवव्या मजल्यावर
भिंती इतक्या पातळ, की शेजारची मेदेया
रात्रीची गोळी गिळते तेही कळतं.
स्पीकर लावायची सोय नाही.
सगळी मैफल माझ्या दोन कानांच्या मधल्या
वीतभर जागेत.

रविवारी बेसोचं लग्न. तीन आवाजांचं गाणं हवंय.
वरचा वालिकोने दिला, बेकरीमागे
पिठाच्या पोत्यांवर बसून, एका दमात,
आणि लगेच भट्टीकडे पळाला.
मधला बाबांचा.
खालचा बद्री काकांचा.

बाबा आणि काका अकरा वर्षं बोललेले नाहीत.
बांधावरचं अक्रोडाचं झाड. ते कोणी तोडलं
हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे,
फक्त दोघांचं उत्तर वेगळं.
बेसो काकांचा मुलगा. लग्नाला बाबा जाणार नाहीत.
गायला मात्र नाही म्हणाले नाहीत.

बाबांना स्वयंपाकघरात बसवलं,
घड्याळ ओल्या टॉवेलात गुंडाळून.
काकांना त्यांच्या गॅरेजात, टायरांच्या चळतींमध्ये.
मग घरी येऊन एकाला डावीकडे सारलं, एकाला उजवीकडे.
हेडफोनमध्ये हे फार सोपं असतं:
डाव्या कानाला उजव्याचा पत्ता नसतो.
खोलीत तसं जमत नाही. खोलीत
इकडचा आवाज तिकडच्या कानाला शिवतोच थोडा,
अबोला धरलेली माणसंही
एकमेकांचा खोकला ऐकतात.

तीन वाजले. काका जड होतायत की हलके, कळेना;
खालच्या सुरांबाबत हेडफोन सर्रास खोटं बोलतात.
अर्धा डेसिबल वर, अर्धा खाली,
मीठ चाखून चाखून जीभ बधिर व्हावी तसे कान.
कंटाळून नुसतीच साफसफाई करायला घेतली:
ओळींमधली शांतता कापायची, खुर्चीची करकर पुसायची.

तिथे बाबा थांबलेले सापडले.
दुसऱ्या ओळीनंतर. एकट्याने गाताना
थांबायचं काही कारण नव्हतं.
टेबलावर बोटाचं पेर, हलकेच, चार वेळा,
मग पुढची ओळ.
काकांचा ट्रॅक त्या जागी लावला.
खालचा सूर तिथे एकटा चालतो, चार ठोके.
केसभरही सरकवावा लागला नाही.

मग जिवाचा कान करून काकांकडे गेले.
सुरू होण्याआधी ते श्वास घेतात,
आणि त्याच्याही आधी, मिटल्या तोंडाने,
सूर सापडावा म्हणून
बाबांची ओळ गुणगुणतात.
कालच मी ती कचरा म्हणून कापली होती.
परत आणली.
पेराचे ठोकेही राहू दिले.

पहाटे खाली तमाझच्या ओपेलमध्ये ऐकायला गेले.
मिक्सची खरी परीक्षा मोडक्या गाडीत.
उजव्या दाराचा स्पीकर मेलेला निघाला.
बाबा गायले, थांबले, चार ठोके दिले, पुन्हा गायले.
उजवीकडे दव पडलेली काच.
शिवी आली तोंडात, पण दिली नाही.
तशीच बसून राहिले, ठोके मोजत,
काच धुरकटेपर्यंत.

आमची लिफ्ट उतरताना फुकट,
चढायला नाणं मागते. खिशात फक्त कपचे.
जिन्याने निघाले. चौथ्या मजल्यापर्यंत
स्वतःच्या नकळत मधला सूर गुणगुणत होते,
आणि जिना घुमत होता, अगदी तसा,
जसा रात्रभर मला पडद्यावरच्या बटणांतून
काढता आला नव्हता.

सहाव्यावर एक दार किलकिलं झालं.
बनियनमधला म्हातारा, डोळे अर्धे मिटलेले.
मी माफी मागणार, तोच म्हणाला,
“मधला उतरतोय, पोरी. जरा वर धर,”
आणि दार लावून घेतलं.